गिटारवर मेजर स्केल शिकताना

गिटार शिकू लागलेला माणूस, मग तो नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या क्लासला जात असो किंवा सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी मोबाइलवर धडे पाहत असो, साधारणपणे आधी चार-पाच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरगट, शिकतो आणि त्यांच्या आधाराने गाणी म्हणू लागतो. ही सुरुवात वाईट नाही. अडचण पुढे येते. गाण्याची चाल सुट्या तारांवर वाजवावीशी वाटते, पण बोट कुठे ठेवायचे ते कळत नाही. मग ‘आता मेजर स्केल करा’ असे सांगून कोणीतरी ठिपक्यांच्या पाच आकृत्या छापलेला कागद हाती देतो. त्या आकृत्या पाठ करणाऱ्याची बोटे फिरू लागतात खरी, परंतु पुढच्या ठिपक्यावर कोणता स्वर ऐकू येणार आहे हे त्याला आधी सांगता येत नाही. या लेखात म्हणून क्रम बदलला आहे. आधी स्वरांमधली अंतरे एकाच तारेवर ऐकायची, मग तेच स्वर शेजारच्या तारांवर शोधायचे आणि सरकती आकृती त्यानंतर शिकायची.

सारेगम येत असेल तर

मेजर स्केल म्हणजे शुद्ध स्वरांचे सप्तक. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची मांडणी ज्या दहा थाटांत केली, त्यांपैकी बिलावल थाटात सातही स्वर शुद्ध असतात आणि त्याचा स्वरक्रम मेजर स्केलशी जुळतो. शाळेतल्या पेटीवर ‘सा रे ग म प ध नी सां’ म्हटलेल्या किंवा गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा दिलेल्या कोणालाही हे स्केल गळ्याने येत असते. (नाशिकला हा धागा जुना आहे, लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू करणाऱ्या पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात याच गावात आश्रम स्थापन केला होता.) त्यामुळे गिटारवर ते शिकताना नवे असते ते केवळ जागांचे ज्ञान.

या जागांचा नियम एकच आहे. एका सप्तकात बारा स्वर असतात आणि गिटारवरचा प्रत्येक पडदा, म्हणजे फ्रेट, आवाज एका स्वराने चढवतो. सा आणि रे यांच्यामध्ये कोमल रे असतो, म्हणून सा वरून शुद्ध रे वर जाताना दोन पडदे चढावे लागतात. रे आणि ग यांच्यामध्ये कोमल ग, म आणि प यांच्यामध्ये तीव्र म, प आणि ध यांच्यामध्ये कोमल ध, ध आणि नी यांच्यामध्ये कोमल नी असल्यामुळे तिथेही दोन-दोन पडद्यांचेच अंतर येते. मात्र ग आणि म यांच्यामध्ये कोणताही स्वर नाही, तसाच नी आणि वरचा सां यांच्यामध्येही नाही; या दोन ठिकाणी एकच पडदा चढायचा. थोडक्यात, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. सी मेजर असो, जी मेजर असो किंवा आणखी कोणते, हा क्रम बदलत नाही. बदलते ती केवळ सुरुवातीची जागा.

वाद्याची तयारी

सहा तारांची नावे जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी आहेत. बारीक तारेला पहिली आणि सर्वांत जाड तारेला सहावी म्हणतात. नवशिके हे हमखास उलटे धरतात. तारा मोबाइलवरच्या ट्यूनरने लावाव्यात, पण लावून झाल्यावर कानानेही तपासाव्यात. सहाव्या तारेचा पाचवा पडदा दाबला की पाचव्या मोकळ्या तारेचा स्वर यायला हवा, पाचव्या तारेच्या पाचव्या पडद्यावर चौथीचा, चौथीच्या पाचव्यावर तिसरीचा. तिसऱ्या तारेवर मात्र चौथा पडदा दाबून दुसरी तार मिळवायची आणि दुसरीच्या पाचव्या पडद्यावर पुन्हा पहिली. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारांमधले हे एका पडद्याने कमी असलेले अंतर लक्षात ठेवावे, कारण पुढे स्केलची आकृती नेमकी तिथेच वाकते.

नवशिक्याला तार दाबणे फार जड जात असेल, तर दोष बोटांचाच असेल असे नाही. स्टीलच्या तारांच्या गिटारवर बाराव्या पडद्यापाशी तार पडद्याच्या वर ३ मिलिमीटरपेक्षा अधिक उंच असेल, तर वाद्य दुकानात नेऊन तारांची उंची कमी करून घ्यावी. या कामाला ‘सेटअप’ म्हणतात आणि नव्या गिटारीलाही त्याची गरज पडू शकते. सुरुवातीला ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीच्या पहिल्या तारेचा संच घेतला, तर बोटांना सोसण्याइतका ताण राहतो. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, ०.७ मिलिमीटर जाडीच्या आसपासचे घ्यावे; फार पातळ पिकाने सुट्या स्वरांवर नीट आघात होत नाही.

नाशिकच्या हवेचाही विचार करायला हवा. पावसाळ्यातल्या ओलाव्याने लाकूड फुगते आणि स्टीलच्या तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि गिटार ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा दुपारी लावलेली गिटार दुसऱ्या दिवशी सकाळी सुरात मिळेलच असे नाही. त्यामुळे या दिवसांत प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी ट्यूनिंग तपासणे अनिवार्य आहे. थंडीत आखडलेल्या बोटांनी लगेच सरावाला बसू नये, आधी हात चोळून किंवा कोमट पाण्यात धरून सैल करावेत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर गिटार कधीच ठेवू नये, कारण तिथल्या उष्णतेने सांध्यांतला गोंद सुटू शकतो.

पहिली पायरी: एक तार

पाचवी तार मोकळी वाजवा आणि तिला सा माना. हा स्वर ए आहे आणि प्रमाण ट्यूनिंगमध्ये त्याची कंपनसंख्या सेकंदाला ११० असते. आता त्याच तारेवर दुसरा पडदा रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, अकरावा नी आणि बारावा वरचा सां. बारावा पडदा तारेच्या लांबीच्या मध्यावर असतो. तार निम्मी झाली की कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे २२०, होते आणि सप्तक पूर्ण होते. दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक हा क्रम या एका तारेवर डोळ्यांना जसा स्पष्ट दिसतो, तसा तो पुढे कुठेच दिसत नाही. म्हणूनच ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये.

या पायरीवर सर्व पडदे केवळ तर्जनीने दाबावेत. वेगाला ते सोयीचे नाही, पण इथे वेग नकोच आहे. हात एका पडद्याने सरकला की दोन, हे दंडाला जाणवले पाहिजे. बोट पडद्याच्या धातूच्या पट्टीवर न ठेवता तिच्या अगदी मागे, नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला, टेकवावे. असे केल्यास कमी दाबातही स्वर स्वच्छ येतो. डाव्या हाताची नखे कापलेली असावीत आणि अंगठा मानेच्या मागच्या बाजूला, मधल्या बोटाच्या साधारण समोर, टेकलेला असावा.

वाजवताना प्रत्येक स्वर त्याच्या नावाने गावा. लाज वाटत असेल तर पुटपुटावे, पण तोंड बंद ठेवू नये. चांगला सराव असा आहे: मोकळी तार वाजवायची, मनात प धरायचा, तो गायचा आणि मगच सातवा पडदा दाबून पाहायचा. गळा आणि तार जुळली, तर तो स्वर खऱ्या अर्थाने पाठ झाला. ज्यांचे कान तानपुऱ्यावर तयार झाले आहेत त्यांना गिटारवरचा ग किंचित चढा वाटेल. ते खरेच आहे. गिटारीचे पडदे पेटीप्रमाणे समान बारा भागांच्या हिशेबाने बसवलेले असतात, त्यामुळे तिच्यावरचा शुद्ध ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा सुमारे १४ सेंट वर पडतो; एका पडद्याचे अंतर १०० सेंट असते. एवढ्यासाठी वाद्य बिघडले आहे असे समजून खुंट्या पिळू नयेत.

दुसरी पायरी: सी मेजर, मोकळ्या तारांसह

आता तेच अंतर अनेक तारांवर वाटून घ्यायचे आहे. पाचव्या तारेचा तिसरा पडदा हा सी, म्हणजे पेटीवरची पांढरी एक. त्याला सा मानावे. चौथी तार मोकळी हा रे, तिचा दुसरा पडदा ग आणि तिसरा पडदा म. तिसरी तार मोकळी हा प, तिचा दुसरा पडदा ध. दुसरी तार मोकळी हा नी आणि तिचा पहिला पडदा वरचा सां. पहिल्या पडद्याला तर्जनी, दुसऱ्याला मधले बोट, तिसऱ्याला अनामिका असा नेम ठेवावा आणि तो मोडू नये.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. एका तारेवर सा ते रे हे दोन पडद्यांचे सरळ अंतर होते, आणि आता तिसऱ्या पडद्यावरून एकदम शेजारची मोकळी तार आली, मग नियम पाळला गेला का? गेला. पाचव्या तारेचा पाचवा पडदा आणि चौथी मोकळी तार हे एकच स्वर आहेत, हे आपण तारा लावताना पाहिलेच आहे. म्हणजे तिसऱ्यावरून पाचव्यावर जाण्याऐवजी आपण तोच स्वर शेजारी मोकळा वाजवला. हे एकदा वाजवून तपासले की पुढच्या सर्व आकृत्यांचे गणित आपोआप उलगडते.

आरोह जमला की अवरोहाला अधिक वेळ द्यावा. चढताना बोटे एकेक टेकतात, उतरताना ती नेमकी उचलावी लागतात आणि बहुतेकांचा अवरोह यामुळेच लंगडतो. पिकाचा आघात एकदा खाली, एकदा वर असा आलटून पालटून करावा. तार बदलली तरी हा क्रम तुटू देऊ नये. नंतर या स्केलला दोन्ही बाजूंनी वाढवावे. वर दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर वरच्या सप्तकातला रे, पहिली मोकळी तार ग, तिचा पहिला पडदा म आणि तिसरा प. खाली पाचव्या तारेचा दुसरा पडदा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, नी, मोकळी पाचवी तार ध, सहाव्या तारेचा तिसरा पडदा प, पहिला म आणि मोकळी सहावी तार ग.

तिसरी पायरी: पलटे

सरळ वर-खाली जाणे हा स्केलचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे, कारण कोणतीही चाल सातही स्वरांवरून ओळीने चढत जात नाही. पाश्चात्त्य पद्धतीच्या पुस्तकांत यासाठी वेगवेगळे क्रम दिलेले असतात, पण आपल्याकडे गायनाचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून जे पलटे घोटतो, ते याच कामाचे आहेत आणि मला ते अधिक सोयीचे वाटतात, कारण त्यांत स्वरांची नावे सुटत नाहीत. सुरुवात तीन-तीन स्वरांनी करावी: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां, परत येताना सांनीध, नीधप, धपम, पमग, मगरे, गरेसा. मग चार-चार स्वरांचे गट घ्यावेत. त्यानंतर एकेक स्वर वगळून साग, रेम, गप, मध, पनी, धसां. हा शेवटचा पलटा बोटांना अवघड जातो, पण चालींमध्ये अशा उड्या सतत येत असल्यामुळे तो सर्वांत उपयोगाचा आहे.

मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एका ठोक्याला एक स्वर वाजवावा. एकही स्वर न अडखळता पलटा पूर्ण झाला, की त्याच ठोक्यांवर दुप्पट, म्हणजे एका मात्रेत दोन स्वर, आणि तेही जमल्यावर ठोके चार-पाचांनी वाढवावेत. सुट्टीच्या दिवशी दोन तास बसण्यापेक्षा रोजची २० मिनिटे बोटांना अधिक लागू पडतात. बोटांच्या टोकांची आग होऊ लागली की थांबावे, पण मनगटात कळ येत असेल, तर हाताची ठेवण चुकत आहे असे समजून ती कोणा जाणकाराकडून तपासून घ्यावी.

चौथी पायरी: जी आणि डी

सी मेजरमध्ये पेटीच्या केवळ पांढऱ्या पट्ट्या लागतात. जी पासून सुरुवात केली की एक काळी पट्टी लागते, ती का हे पाहावे. सहाव्या तारेचा तिसरा पडदा सा, पाचवी मोकळी रे, तिचा दुसरा पडदा ग, तिसरा म, चौथी मोकळी तार प, तिचा दुसरा पडदा ध. आता नी साठी दोन पडदे चढायचे, म्हणून चौथा पडदा, आणि तिसरी मोकळी तार सां. सी मेजरमध्ये आपण चौथ्या तारेचा तिसरा पडदा वापरत होतो, तो एफ. इथे चौथा लागला, तो एफ शार्प, म्हणजे एका पडद्याने चढवलेला एफ. तो करंगळीने दाबावा. तिसऱ्या पडद्यावरचा एफ वाजवून पाहा, तिथे कोमल नी ऐकू येईल आणि सां कडे जाण्याची ओढ नाहीशी होईल.

डी मेजर चौथ्या मोकळ्या तारेपासून: दुसरा पडदा रे, चौथा ग, तिसरी मोकळी तार म, तिचा दुसरा पडदा प, दुसरी मोकळी तार ध, तिचा दुसरा पडदा नी, तिसरा सां. यात एफ शार्प आणि सी शार्प असे दोन स्वर आले.

पाचवी पायरी: सरकती आकृती

मोकळी तार न वापरता स्केल वाजवले की ते मानेवर कुठेही सरकवता येते. चार बोटांनी चार पडदे व्यापायचे असल्यामुळे ही आकृती सातव्या-आठव्या पडद्याच्या आसपास शिकावी. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेच्या गिटारवर पहिला पडदा नटपासून सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो, तर बाराव्या आणि तेराव्या पडद्यांमध्ये त्याच्या निम्मेच अंतर उरते, त्यामुळे वरच्या भागात बोटांना ताण कमी पडतो.

सहाव्या तारेचा आठवा पडदा, म्हणजे सी, मधल्या बोटाने दाबून सा वाजवा. त्याच तारेचा दहावा पडदा करंगळीने रे. पाचव्या तारेवर सातवा, आठवा आणि दहावा पडदा अनुक्रमे तर्जनी, मधले बोट, करंगळी यांनी ग, म, प. चौथ्या तारेवर सातवा, नववा, दहावा पडदा तर्जनी, अनामिका, करंगळी यांनी ध, नी, सां. पुढचे सप्तक हवे असल्यास तिसऱ्या तारेवर सातवा रे, नववा ग, दहावा म. दुसऱ्या तारेवर आठवा प, दहावा ध. पहिल्या तारेवर सातवा नी आणि आठवा सां. तिसरीवरून दुसरीवर जाताना आकृती एका पडद्याने वर सरकलेली दिसेल. तारा लावताना भेटलेले कमी अंतर ते हेच.

गायकाच्या साथीला बसणाऱ्यास या आकृतीचा मोठा उपयोग होतो. गाणारा ‘काळी एक’ म्हणाला, तर सा सहाव्या तारेच्या नवव्या पडद्यावर. ‘काळी तीन’ दुसऱ्यावर, ‘काळी चार’ चौथ्यावर, ‘काळी पाच’ सहाव्यावर आणि ‘काळी दोन’ अकराव्यावर. मधले बोट तिथे ठेवायचे, बाकीची आकृती तीच. गिटारीत अकराव्या पडद्यावर हात अडत असेल, तर काळी दोनचा सा पाचव्या तारेच्या सहाव्या पडद्यावरही मिळतो, मात्र तिथून वरच्या सप्तकाची आकृती वेगळी होते.

स्वर गाळून वाजवणे

सात स्वर हाताखाली आल्यावर त्यांतले काही गाळून पाहावेत. म आणि नी सोडले की भूप रागाचे सा, रे, ग, प, ध उरतात. गिटारवादक ज्याला मेजर पेंटाटोनिक म्हणतात ते हेच. ग आणि नी सोडले तर दुर्गा, म आणि ध सोडले तर हंसध्वनी यांचे स्वर मिळतात. म एका पडद्याने चढवून तीव्र केला, की यमनाचे सप्तक तयार होते. पाच-सात स्वर पडद्यांवर सापडले म्हणजे राग आला असे मुळीच नाही. राग त्याच्या चलनातून, म्हणजे स्वरांच्या विशिष्ट वाटचालीतून, उभा राहतो आणि तो गुरूकडूनच शिकावा लागतो. परंतु कोणता स्वर काढला की वातावरण कसे बदलते, हे ऐकण्यासाठी हा सराव उत्तम आहे आणि पलट्यांनी आलेला कंटाळाही त्याने जातो.

यानंतर पाठ असलेली एखादी सोपी चाल घ्यावी. आधी ती सरगमात गाऊन पाहावी आणि तिच्यात एखादा कोमल किंवा तीव्र स्वर डोकावतो का ते तपासावे. सगळे स्वर शुद्ध असतील, तर ती सी मेजरमध्ये मोकळ्या तारांवर बसवावी, मग जी मध्ये, आणि शेवटी सरकत्या आकृतीत आपल्या गळ्याला मानवेल त्या पट्टीत. तिन्ही ठिकाणी ती न पाहता वाजू लागली, की कागदावरच्या उरलेल्या चार आकृत्या काढायला हरकत नाही. प्रत्येकीत आधी सर्व सा कुठे आहेत ते शोधून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी आणि सराव त्या खुणांपासून सुरू करावा.